बिल्डच्या शेपटाला बांधलेलं पॅकेजिंग

महापे-रबाळे पट्ट्यातल्या कुठल्याही सॉफ्टवेअर टीमला विचारा, कोड लिहिताना निघतो तेवढाच घाम तो ग्राहकाच्या सर्व्हरवर चढवताना निघतो. बँकेचा सर्व्हर असेल तर त्याला बहुधा इंटरनेट नसतं. रात्री चेंज विंडो, म्हणजे बदल करायला ठरवून दिलेली वेळ, मिळते. तेवढ्यात आरपीएम (रेड हॅटच्या लिनक्सवर चालणारी पॅकेज फाइल) कॉपी करायची, इन्स्टॉल करायची आणि बिघडलंच तर उजाडायच्या आत मागच्या आवृत्तीवर परत यायचं. झिप फाइल आणि सोबत 'हे इथे टाका, ते तिथे टाका' असं सांगणारी वर्ड फाइल, हा प्रकार तिथे चालत नाही. सध्या आमच्याकडे ग्रेडलसाठी, म्हणजे आम्ही वापरतो त्या बिल्ड सिस्टिमसाठी (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणाऱ्या साधनासाठी), एक मॉड्यूल घडवणं चालू आहे: एका आज्ञेत डेब (डेबियन लिनक्सचं पॅकेज) आणि आरपीएम, दोन्ही तयार व्हायला हवीत. त्यावरच्या चर्चेत नवी मुलं हमखास विचारतात, हे बिल्ड सिस्टिममध्ये आधीपासूनच का नाही? प्रश्न रास्त आहे.

बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली मेक हे बिल्डचं साधन लिहिलं. निमित्त घडलं ते एका सहकाऱ्याच्या वाया गेलेल्या सकाळचं. प्रोग्राममधली चूक दुरुस्त झाली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती, आणि तो बिचारा बरोबर असलेल्या कोडमध्ये चूक शोधत बसला होता. त्यामुळे मेकला एकच गोष्ट नीट कळते: कोणती फाइल कोणत्या फाइलपेक्षा जुनी आहे. (आज्ञेआधी टॅबच हवा, स्पेस चालत नाही, हा जाचही तेव्हाचाच. बदलायचं मनात आलं तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते, त्यांना त्रास नको म्हणून ते राहून गेलं, असं फेल्डमन यांनी पुढे सांगितलं. त्या डझनभरांची सोय आपण अजून निस्तरतोय.) 'मेक इन्स्टॉल' म्हणजे फायली उचलून जागच्या जागी टाकणं. कुणी काय कुठे टाकलं याची नोंद नाही, आणि काढायची वेळ आली की शोधाशोध.

ती नोंद ठेवायचं काम लिनक्सच्या वितरणांनी अंगावर घेतलं. इयन मर्डॉक यांनी 1993 मध्ये डेबियन सुरू केलं, तिथे डीपीकेजी हे पॅकेज सांभाळणारं साधन आलं. 1995 च्या सुमारास रेड हॅटचं आरपीएम आलं. फाइल कोणत्या पॅकेजची आणि त्या पॅकेजला आणखी काय लागतं, याचं उत्तर दोघांनीही दिलं. मात्र ही मंडळी दुसऱ्याने लिहिलेला कोड बांधत होती. मूळ सोर्सला हात लावायचा नाही, आपले बदल वेगळ्या पॅचमध्ये ठेवायचे, हा आरपीएमचा बाणा. त्यांच्या जागी तो योग्यच होता. परिणाम असा झाला की बांधणीची माहिती मूळ प्रकल्पाबाहेर, स्पेक फाइलमध्ये (पॅकेज कसं बांधायचं हे आरपीएमला सांगणाऱ्या फाइलमध्ये) गेली. नाव, आवृत्ती, फायलींची यादी, सगळं दोनदा लिहायचं.

दोन्ही बाजूंना जोडणारा दुवा एका साध्या व्हेरिएबलचा, डेस्टडिरचा. फायली थेट सिस्टिममध्ये न टाकता एका रिकाम्या डिरेक्टरीत तशाच रचनेत टाकायच्या आणि पॅकेज त्या डिरेक्टरीतून बांधायचं. या इतिहासातली सगळ्यात उपयोगी कल्पना मला हीच वाटते, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. स्पेक फाइलमधला 'फाइल्स' विभाग याच डिरेक्टरीशी ताडून पाहिला जातो. बिल्डमध्ये एक नवी कॉन्फिग फाइल वाढली आणि तिची ओळ स्पेकमध्ये टाकायची राहिली, की आरपीएम 'इन्स्टॉल्ड बट अनपॅकेज्ड' म्हणत तिथेच थांबतं. दोनदा लिहिलेली माहिती एकमेकींशी जुळत नाही, एवढंच ते सांगत असतं.

जावाच्या जगात अँट आलं, मेव्हन आलं, पण त्यांच्या लेखी जार फाइल (जावाचा कंपाइल झालेला कोड एकत्र बांधलेली फाइल) झाली की काम संपलं. सर्व्हिस कोणत्या युजरखाली चालणार, लॉग कुठे जाणार, याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. पुढे पोकळी भरली गेली: सीमेकसोबत सीपॅक, स्कालासाठी एसबीटी नेटिव्ह पॅकेजर, ग्रेडलसाठी नेटफ्लिक्सचं ओएसपॅकेज. यांपैकी बहुतेकांच्या रचनेत पॅकेजिंग म्हणजे शेवटी जोडलेलं एक टास्क. आमचा आक्षेप यालाच आहे. कॉन्फिग कोणती, सर्व्हिस कोणती, हे ज्या सब-प्रोजेक्टला माहीत आहे त्यानेच ते जाहीर करावं. मॉड्यूलने फक्त गोळा करावं.

मार्च 2024 मध्ये या सगळ्याला एक वेगळी धार आली. फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड युटिल्सच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत मागचं दार, म्हणजे चोरून शिरायची वाट, सापडलं. ते उघडणारी बिल्ड स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच, फक्त प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे सोर्सच्या बांधलेल्या गठ्ठ्यात होती. आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्याला एसएसएच लॉगिनला (दूरच्या सर्व्हरवर शिरताना) अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, म्हणून ते उघडकीला आलं. त्याच सोर्सपासून बिट-न्-बिट तेच पॅकेज निघालं पाहिजे, हा आग्रह डेबियनमधली मंडळी 2013 पासून धरत होती. बिल्डची वेळ पॅकेजमध्ये शिरू नये म्हणून 'सोर्स डेट इपॉक' हे व्हेरिएबल त्यातूनच आलं. आमचं मॉड्यूल ते पाळतं, आणि गिट टॅगखेरीज दुसरीकडून सोर्स घेत नाही.

राहता राहिली आवृत्ती. ग्रेडलमध्ये अजून पक्क्या न झालेल्या, चाचणीच्या प्रतीला सर्रास '2.4-स्नॅपशॉट' लिहितात. आरपीएमला आवृत्तीत हायफन चालत नाही, आणि डेबियन हायफननंतरचा भाग पॅकेजची स्वतःची आवृत्ती समजतं. हायफनच्या जागी टिंब टाकलं तर चाचणीची प्रत पक्क्या 2.4 पेक्षा नवी ठरते, आणि खरी 2.4 चढवायला गेलं की आरपीएम नकार देतं. यावर टिल्ड (~) हा उपाय: टिल्ड असलेली आवृत्ती आधीची मानली जाते. डेबियनमध्ये तो आधीपासून होता, आरपीएममध्ये 4.10 पासून, म्हणजे 2012 मध्ये आला. हे रूपांतर मॉड्यूलमध्येच बसवायचं ठरलं आहे. रिलीज क्रमांक (त्याच आवृत्तीचं पॅकेज कितव्यांदा बांधलं तो आकडा) बिल्ड सर्व्हरने द्यायचा की टॅगवरून काढायचा, यावर मात्र अजून गाडं अडलंय.