पाकळीचा ल आणि दंडाचा ल

ठाण्यात तलावपाळीच्या पाट्या वाचत गेलं की एकाच रांगेत दोन ल भेटतात. हातानं रंगवलेल्या जुन्या पाटीवर शिरोरेषेतून लोंबणारा, दोन्हीकडे पाकळ्या उघडलेला. शेजारच्या फ्लेक्सवर उजवीकडच्या उभ्या दंडाला टेकलेला. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली आणि दुसरा ल झपाट्यानं वाढला. कायदा अक्षरं किती मोठी हे पाहतो, त्यांचं वळण पाहत नाही.

मराठीचं व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापलं गेलं ते १८०५ मध्ये, बंगालातल्या श्रीरामपूरला. पुढे मुंबईच्या ओतशाळांनी, म्हणजे छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्यांनी, स्वतःचं वळण घडवलं. पाकळीचा ल, मराठी अ, झ आणि ण ही त्याची ओळख. कित्येक दशकं यावर कुणाचं भांडण नव्हतं.

भांडण लागलं ते प्रमाणीकरणापाशी. हिंदीच्या मानक लिपीचा हिशेब सरळ होता: दंड काढला की अर्धं अक्षर तयार. त्यात दंडाचा ल चपखल बसतो, पाकळीच्या ल ला काढायला दंडच नाही. (‘जिल्हा’ लिहिताना अर्धा ल दोन्हीकडे जवळपास सारखाच दिसतो, हे मात्र कुणी बोलत नाही.) महाराष्ट्रानं २००९ च्या शासन निर्णयात मराठी वर्णमाला ठरवली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा बजावलं: ल पाकळीयुक्त, श देठयुक्त. गंमत म्हणजे शिरोरेषेतून लोंबणाऱ्या पाकळीच्या ल लाही देठ आहे, पण शासन निर्णयात तो शब्द श साठी आहे. म्हणून ‘देठाचा ल’ म्हटलं की दोन्ही नावांची गल्लत होते. ‘सरकारनं अक्षरांत पडू नये’ असंही काहींचं म्हणणं होतं. ते तितकंसं पटत नाही. दंडाचा ल पसरला तो तरी कुणाच्या आवडीनं?

तो पसरला संगणकातून. विंडोजसोबत आलेल्या ‘मंगल’ फाँटमध्ये ल दंडाचाच होता, आणि फाँट न बदलता टाइप करणाऱ्यांनी तोच गिरवला. संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये दोन्ही ल चा संकेतांक एकच आहे, वळण ठरवतो फाँट. काही नव्या फाँटांत दोन्ही रूपं असतात: मजकुराची भाषा ‘मराठी’ केली की ल च्या पाकळ्या उघडतात, ‘हिंदी’ राहिली की दंड येतो. गोखले रोडच्या दुकानाचा फ्लेक्स रात्रीतून करून देणाऱ्याच्या संगणकावर तो पर्याय सहसा कुणी उघडतच नाही.