थेवा : प्रतापगढच्या राजसोनींची कला

थेवा ही दक्षिण राजस्थानातील प्रतापगढ येथे राजसोनी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली सोनारकला. चोख सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यात जाळीदार चित्र कोरायचे आणि ते लाल, हिरव्या किंवा निळ्या काचेवर भट्टीच्या आचेने कायमचे बसवायचे, हे या कलेचे मर्म. तिला आश्रय मिळाला तो सिसोदिया राजपुतांच्या देवळिया-प्रतापगढ शाखेकडून. महाराष्ट्रातील प्रतापगड किल्ल्याशी या गावाचा काही संबंध नाही.

ही शाखा मेवाडच्याच घराण्यातली. राणा मोकल याचा मुलगा आणि राणा कुंभाचा भाऊ क्षेमसिंह हा तिचा मूळपुरुष. त्याचा मुलगा सूरजमल याचे चितोडच्या गादीवरून चुलत्याच्या घराशी वैर पेटले. दिवसभर लढून रात्री सूरजमल आणि त्याचा पुतण्या पृथ्वीराज एकमेकांच्या जखमांची विचारपूस करीत, ही कथा राजस्थानात अजून सांगतात. अखेर सूरजमल मेवाड सोडून त्याच्या दक्षिणेकडच्या रानात, कांठळ म्हणजे आजच्या प्रतापगढच्या परिसरात गेला. वैर होते, तरी नाते तुटले नाही. १५३५ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने चितोडला वेढा घातला, तेव्हा राण्याच्या जागी राजचिन्हे धारण करून लढला आणि पडला तो याच शाखेचा रावत बाघसिंह. चितोडगडाच्या पाडन पोळ या दरवाजाजवळ त्याचा चबुतरा आहे. गड चढणाऱ्याने तिथे थांबावे, कारण धाकट्या पातीने थोरल्या पातीचे ऋण कसे फेडले, हे त्या दगडांवरून कळते.

पुढे याच शाखेतल्या बिका याने सोळाव्या शतकाच्या मध्यास देवगढ किंवा देवळिया ही राजधानी केली. तिचे नाव देवी नावाच्या मीणा जमातीतल्या स्त्रीवरून पडले, अशी परंपरा आहे. तिचा नवरा त्या मुलखाचा प्रमुख होता आणि बिकाच्या हातून मारला गेला. म्हणजे या राज्याच्या पायाभरणीत मूळच्या रहिवाशांचा पराभवही आहे. महारावत प्रतापसिंहाने १६९९ मध्ये प्रतापगढ शहर वसवले. महारावत सालिमसिंहाने दिल्लीच्या बादशहाकडून नाणी पाडण्याचा हक्क मिळवला आणि ‘सालिमशाही’ रुपया आसपासच्या माळव्यातही चालू लागला. मराठ्यांशी संबंध आला तो खंडणीच्या रूपाने: महारावत सामंतसिंहाच्या काळात मराठी फौजांनी मुलूख व्यापला, तेव्हा होळकरांना वर्षाला सुमारे ७२,७०० सालिमशाही रुपये देण्याच्या बोलीवर राज्य वाचले. १८१८ मध्ये ते इंग्रजांच्या संरक्षणाखाली गेले आणि १९४८ मध्ये राजस्थानात विलीन झाले.

या छोट्या दरबाराने नाव राखले ते तलवारीपेक्षा सोन्याच्या जाळीने. परंपरेनुसार नथुजी सोनी हा थेव्याचा आद्य कारागीर. दरबाराने घराण्याला ‘राजसोनी’ ही पदवी दिली आणि कारागिरांनी ती आडनावासारखी लावली.

कामाची रीत अशी. भाजलेल्या मातीची वस्त्रगाळ पूड, राळ आणि तेल यांचा घट्ट लगदा लाकडी पाटावर थापतात. त्यावर सोन्याचा पत्रा चिकटवतात. सोने २३-२४ कॅरटचे लागते, कमी कसाचे इतके मऊ पडत नाही. चित्र आधी छापलेले नसते. कारागीर टोकदार हत्याराने सरळ पत्र्यावर ते ओढतो. मग वर काळा रंग चोळतो. रंग रेषांत बसला की हत्तीची सोंड, घोड्याचा लगाम, मोराचा तुरा डोळ्यांपुढे येतो आणि उरलेले सोने छेदून काढता येते. हा टप्पा सर्वांत जिकिरीचा. एक आडवी छिन्नी आणि शिकाऱ्याचा भाला तुटला, की सगळा पत्रा बाद. जाळी तयार झाली की पाट तापवून ती अलगद सोडवतात, साफ करतात आणि चांदीच्या तारेच्या चौकटीसह काचेवर ठेवून भट्टीत घालतात. काच किंचित मऊ होते आणि सोन्याला धरते. आच कमी पडली तर सोने सुटते, जास्त झाली तर काच वाहते. नेमकी वेळ कुठल्या मापाने नव्हे, डोळ्याने ठरते. शेवटी काचेमागे चकचकीत पत्रा देऊन तुकडा कोंदणात बसवतात. प्रकाश काचेतून मागे जाऊन परततो, म्हणून रंग पाचू-माणकासारखा पेटलेला दिसतो.

थेव्याला मीनाकारी समजण्याची चूक फार जुनी आहे. मीनाकारीत धातूवर कोरलेल्या खाचांत रंगीत काचेची पूड भरून भाजतात. इथे उलट, काच खाली आणि सोने वर. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय संग्राहकही त्याला ‘प्रतापगढचा मीना’ म्हणत. बेळगावात जन्मलेल्या आणि मुंबईत दीर्घकाळ काम केलेल्या जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन अर्ध-मीना म्हणून केले असून शेजारच्या रतलामच्या निळ्या कामाचाही उल्लेख केला आहे. त्या काळी हे तुकडे विलायतेला जात आणि तिकडचे सोनार ते आपल्या घडणीच्या कंकणांत, पदकांत जडवत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असे नमुने आहेत.

विषय दोन प्रकारचे: रासलीला, श्रीनाथजी, राम-सीता हे एकीकडे; दुसरीकडे शिकार, हत्तींची झुंज आणि मिरवणुका. माझ्या मते शिकारीची दृश्ये या कलेचे खरे वैभव आहेत. बोटाच्या पेरभर जागेत धावणारे हरीण, मागे कुत्रा, त्यामागे घोडेस्वार, आणि मध्ये वेलबुट्टी इतकी दाट की रिकामी काच शोधावी लागते.

कसब घरातच ठेवण्याची प्रथा कडक होती. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या घरी जाणार, म्हणून तिला शिकवत नसत, असे सांगितले जाते. या गुप्ततेने कला टिकली हे खरे, पण ती मोजक्या हातांत अडकलीही. संस्थान गेल्यावर आश्रयदाताही गेला. नंतर सरकारने दखल घेतली: थेव्याला भौगोलिक मानांकन मिळाले, टपाल तिकीट निघाले आणि महेश राज सोनी यांना २०१५ मध्ये पद्मश्री देण्यात आली. आता झुमके, पदके, डब्या, कफलिंक अशा वस्तू होतात. चांदीच्या कोंदणाला सोन्याचे पाणी देऊन किंमत आवाक्यात ठेवतात.

बाजारात साच्याने छापलेल्या सोनेरी पत्र्याच्या नकला पुष्कळ मिळतात. अस्सल ओळखायचे तर भिंग घ्यावे. साच्यात प्रत्येक पान सारखे उमटते. हाताच्या कामात दोन मोरांची पिसे कधी जुळत नाहीत, आणि रेषेच्या कडेला हत्याराची धार लागल्याची खूण दिसते.