कंट्री रॉकमधील सुपरग्रुप

आपापल्या बँडमधून आधीच नाव झालेल्या गायक-वादकांनी एकत्र येऊन बांधलेला नवा बँड म्हणजे सुपरग्रुप. ही संज्ञा १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉक संगीताविषयीच्या लेखनात रूढ झाली. १९६६ साली इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या क्रीम या त्रिकुटाला बहुधा पहिला सुपरग्रुप म्हटले जाते. अल कूपर, माइक ब्लूमफील्ड आणि स्टीफन स्टिल्स यांच्या १९६८ मधील ‘सुपर सेशन’ या ध्वनिमुद्रिकेच्या नावावरून हा शब्द पुढे आला असावा, असेही एक मत आहे. कंट्री रॉकच्या, म्हणजे अमेरिकेतील ग्रामीण वळणाचे कंट्री संगीत आणि रॉक यांच्या मिश्रणाच्या, बाबतीत मात्र ही व्याख्या जपूनच वापरावी लागते. लॉस एंजेलिसच्या परिसरात हे संगीत आकार घेत असताना त्यात वावरणारी माणसे इतकी मोजकी होती, की जवळजवळ प्रत्येक नवा बँड ही जुन्या दोन-तीन बँडांतून फुटलेल्यांची मोट असे. म्हणून येथे सुपरग्रुप ही संज्ञा मुख्यतः १९७३ नंतरच्या, म्हणजे मुरलेल्या कलावंतांनी दुसऱ्या-तिसऱ्या डावात उभ्या केलेल्या बँडांसाठी वापरली आहे.

उगमाचा वाद : कंट्री रॉकची पहिली ध्वनिमुद्रिका कोणती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. प्रचलित मत द बर्ड्‌स या बँडच्या ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ला (३० ऑगस्ट १९६८) हा मान देते. तिच्या काही महिने आधी इंटरनॅशनल सबमरीन बँडची ‘सेफ ॲट होम’ बाजारात आली होती आणि तिचे ध्वनिमुद्रण तर १९६७ मधले आहे. दोन्हींमागे ग्रॅम पार्सन्स (१९४६–७३) हाच गायक असल्याने हा वाद पुष्कळदा घरातल्या घरात राहतो. रिक नेल्सनच्या १९६६ व १९६७ मधील कंट्री वळणाच्या ध्वनिमुद्रिका, तसेच १९६७ मध्ये द बर्ड्‌समधून बाहेर पडलेल्या जीन क्लार्कने गॉस्डिन बंधूंबरोबर केलेली ध्वनिमुद्रिका, यांकडे बोट दाखवून तारीख आणखी मागे नेणारेही आहेत. नेल्सनची ती ध्वनिमुद्रिते रॉक गायकाने गायिलेले कंट्री म्हणून ऐकणे अधिक सयुक्तिक वाटते. दोन धारा एकमेकींत मिसळल्याचे ‘सेफ ॲट होम’मध्ये आधी जाणवते, ‘स्वीटहार्ट’चे महत्त्व तिच्या प्रसारात आहे.

‘स्वीटहार्ट’मधील एक पोटवाद येथे नोंदवणे भाग आहे. पार्सन्सने गायिलेल्या काही गाण्यांवरचा त्याचा आवाज काढून तेथे द बर्ड्‌सचा प्रमुख रॉजर मॅग्विन याचा आवाज घालण्यात आला. याचे नेहमी दिले जाणारे कारण कराराचे आहे : सबमरीन बँडची ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीचा मालक ली हेझलवुड याने पार्सन्सवर आपला हक्क सांगितला होता. ध्वनिमुद्रिकेचा निर्माता गॅरी अशर याने पुढे दिलेली हकीकत वेगळी आहे. तिच्यानुसार कायद्याची अडचण सुटलेली होती. नव्याने आलेल्या पार्सन्सनेच सगळी ध्वनिमुद्रिका व्यापू नये, हा विचार त्यामागे होता. दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या असणे अशक्य नाही.

या वादात सहसा न येणारे एक नाव जे डी मेनेस या पेडल स्टील वादकाचे आहे. ‘सेफ ॲट होम’वर तो आहे आणि ‘स्वीटहार्ट’च्या लॉस एंजेलिसमधील ध्वनिमुद्रणातही आहे (कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलमधील वादन लॉइड ग्रीनचे). मुखपृष्ठावरचे चेहरे बदलत राहिले, पण स्टीलच्या मागे बसणारी माणसे तीच राहिली. कंट्री रॉकच्या सुपरग्रुपांचा माग काढायचा तर गायकांपेक्षा या साथीदारांच्या मागोमाग जाणे सोयीचे पडते.

पेडल स्टील : हे वाद्य हवाईयन गिटारच्या घराण्यातले. तारांवर धातूची कांडी सरकवून वाजवण्याची ही रीत हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली. तिचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकुकूला देतात. शाळकरी वयात लोहमार्गाजवळ सापडलेला बोल्ट त्याने तारांवर फिरवून पाहिला, अशी आख्यायिका आहे. भारतात जन्मलेल्या आणि जहाजावरून हवाईत नेल्या गेलेल्या गॅब्रिएल डेव्हियन या तरुणाने ती त्याच्याही आधी दाखवली, असा दुसरा दावा आहे. आपल्याकडच्या विचित्र वीणेशी या वादनपद्धतीचे साम्य पाहता हा दावा आकर्षक वाटतो. पुराव्याच्या तोलात मात्र केकुकूचे पारडे जड आहे. पुढे हेच वाद्य उलट वाटेने भारतात आले, व्हॅन शिप्लींनी त्यावर चित्रपटगीतांच्या धुना वाजवल्या आणि ब्रिजभूषण काब्रांनी त्यावर राग उभे केले.

साध्या हवाईयन गिटारवर कांडी सरकली की तिच्याखालच्या सगळ्या तारा एकदम चढतात किंवा उतरतात. पेडल स्टीलमध्ये पायाखालची पेडले आणि गुडघ्याने ढकलायचे दांडे ठरावीक तारा ओढतात, बाकीच्या जागच्या जागी राहतात. नॅशव्हिलमध्ये रुळलेल्या दहा तारांच्या ‘ई नाइन्थ’ मांडणीत ई हा सूर षड्ज धरला, तर उघड्या तारांवर सा-ग-प ही संगती मिळते. पहिले पेडल दाबले की पंचमाचा धैवत होतो, दुसरे दाबले की गंधाराचा मध्यम. दोन्ही एकत्र दाबली की सा-म-ध. षड्ज हललेला नसतो, त्याच्या अंगावरून इतर दोन सूर मींड घेत वर गेलेले असतात. सतारीवरच्या मींडेत एक तार ओढली जाते. येथे एक सूर स्थिर ठेवून शेजारचे दोन वेगवेगळ्या अंतराने सरकतात, आणि कंट्री गाण्यातला तो परिचित हुंदका त्यातून निघतो. ही युक्ती वेब पीअर्सच्या १९५४ मधील एका गाण्यात बड आयझॅक्सने वाजवली आणि ती सर्वत्र झाली.

हाच परिणाम साध्या इलेक्ट्रिक गिटारवर आणण्यासाठी क्लॅरेन्स व्हाइट आणि जीन पार्सन्स (ग्रॅमशी नाते नाही, आडनावामुळे गोंधळ होतो) यांनी १९६७–६८ च्या सुमारास एक यंत्रणा बसवली. गिटारची मान खाली दाबली की खांद्यावरच्या पट्ट्याला ताण बसतो, तो ताण आतल्या तरफेतून दुसऱ्या तारेपर्यंत पोचतो आणि तिचा सूर पूर्ण स्वराने चढतो. तारेच्या नावावरून हिला बी-बेंडर म्हणतात. १९७३ च्या जुलैमध्ये व्हाइट मोटारीच्या धडकेने मरण पावला. ती मूळ गिटार पुढे मार्टी स्टुअर्ट या कंट्री गायक-वादकाकडे गेली.

पूर्वपीठिका : दक्षिण आफ्रिकेचा दौरा नाकारून पार्सन्सने १९६८ च्या जुलैत द बर्ड्‌स सोडला. त्यावरून त्या बँडमधला त्याचा सहकारी क्रिस हिलमन (जन्म १९४४) त्याच्यावर कमालीचा संतापला होता. तरी वर्ष सरायच्या आत दोघांनी मिळून द फ्लाइंग बरिटो ब्रदर्स सुरू केला. त्यातला स्टील वादक ‘स्नीकी’ पीट क्लाइनो हा पोटासाठी चित्रपटांत बाहुल्यांचे चलचित्रण करणारा कारागीर. त्याने स्टीलचा आवाज इलेक्ट्रिक गिटारसारखा खरबरीत करून टाकला. १९६९ मधील त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या खपाच्या यादीत १६४ व्या क्रमांकापलीकडे गेली नाही. आज तिची जेवढी चर्चा होते, त्या मानाने हा आकडा पाहण्यासारखा आहे.

बफेलो स्प्रिंगफील्ड हा बँड फुटल्यावर रिची फ्युरे व जिम मेसिना यांनी रस्टी यंग या स्टील वादकाला घेऊन पोको काढला. मूळ नाव पोगो होते. त्या नावाच्या चित्रमालिकेचा जनक वॉल्ट केली याने हरकत घेतल्यावर एक अक्षर बदलले. बास वादक रँडी माइझ्नर पहिली ध्वनिमुद्रिका बाहेर येण्याआधीच निघून गेला आणि त्याच्या जागी टिमथी श्मिट आला. १९७७ मध्ये माइझ्नरने ईगल्स सोडला, तेव्हाही त्याच्या जागी श्मिटच आला. ईगल्सविषयी येथे विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. १९७१ मध्ये बरिटोमधला बर्नी लेडन, पोकोमधला माइझ्नर आणि लिंडा रॉन्स्टॅटची साथ करणारे ग्लेन फ्राय व डॉन हेन्ली एकत्र आले, आणि त्यांच्या १९७६ मधील निवडक गाण्यांच्या संचाला २०१८ मध्ये अमेरिकेत ३८ पट प्लॅटिनम मानांकन मिळाले.

साउदर-हिलमन-फ्युरे बँड (१९७३–७५) : ईगल्सला मिळालेले यश पोकोच्या वाट्याला येत नाही, या निराशेत फ्युरेने पोको सोडला. असायलम कंपनीचा प्रमुख डेव्हिड गेफन याने त्याच्याशी गीतकार-गायक जे. डी. साउदर आणि हिलमन यांची गाठ घालून दिली. क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश या त्रिकुटाचा नमुना समोर होता. पाठीशी स्टीफन स्टिल्सच्या मनॅसस बँडमधले अल पर्किन्स (स्टील) व पॉल हॅरिस (कळवाद्ये) आणि ड्रमवर जिम गॉर्डन. १९७४ ची पहिली ध्वनिमुद्रिका बिलबोर्डच्या यादीत ११ व्या क्रमांकापर्यंत गेली, फ्युरेचे एक गाणे २७ व्या. दुसरी (१९७५) मागे पडली आणि बँड संपला.

अपयशाचे नेहमीचे स्पष्टीकरण ‘तीन पुढारी, एक रथ’ असे आहे आणि ते चुकीचे नाही. तिघेही आपापली गाणी घेऊन येत, ती एकमेकांच्या गळ्यात उतरायला वेळ मिळाला नाही. या बँडची एक हकीकत मात्र निराळी आहे. पर्किन्सच्या वाद्यावर ख्रिस्ती श्रद्धेचे चिन्ह असलेला मासा चिकटवलेला होता. त्यामुळे बँडचे नुकसान होईल, म्हणून फ्युरेला तो बँडमध्ये नको होता. वर्षभरातच पर्किन्सच्या सहवासात फ्युरे स्वतः श्रद्धाळू झाला आणि पुढे कोलोराडोत धर्मोपदेशक म्हणून राहिला. साउदर ईगल्सच्या गाण्यांचा सहलेखक म्हणूनच अधिक लक्षात राहिला. २०२४ मध्ये त्याचे निधन झाले.

द डेझर्ट रोझ बँड (१९८५–९४) : या प्रकारातले हे सर्वांत नीट जमलेले उदाहरण. ते कंपनीच्या कचेरीत ठरले नव्हते. १९८५ मध्ये गायक डॅन फोगेलबर्गने ब्लूग्रास (तंतुवाद्यांवरचा जुन्या धाटणीचा कंट्री प्रकार) वळणाची ध्वनिमुद्रिका काढून दौरा केला, त्यात हिलमन, हर्ब पेडरसन, बास वादक बिल ब्रायसन आणि तरुण गिटार वादक जॉन जॉर्गेनसन एकत्र वाजवू लागले. मग ड्रमवर स्टीव्ह डंकन आणि स्टीलवर, सतरा-अठरा वर्षांपूर्वी ‘सेफ ॲट होम’वर वाजवलेला तोच मेनेस आला. हिलमन रॉकमध्ये येण्यापूर्वी कॅलिफोर्नियातल्या ब्लूग्रास बँडांत मँडोलिन वाजवत असे, पेडरसन द डिलर्ड्‌समध्ये होता. म्हणजे दोघांचे सूर लावणे एकाच तालमीतले. हिलमन मुख्य स्वर धरतो, पेडरसन त्याच्या वरच्या अंतरावर बसतो आणि दोघे शब्दाचा शेवट एकाच श्वासात सोडतात. साउदर-हिलमन-फ्युरे बँडमध्ये नेमके हेच नव्हते. १९८८ व १९८९ मध्ये त्यांची एकेक गाणी बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली, तेव्हा हिलमन चव्वेचाळिशीत होता. १९९० च्या सुमारास मेनेस बाहेर पडला आणि त्याच्या जागी बक ओवेन्स व रिक नेल्सन या दोघांच्याही बँडांत वाजवलेला टॉम ब्रम्ली आला.

सीमेवरची उदाहरणे : जॉनी कॅश, विली नेल्सन, वेलन जेनिंग्ज व क्रिस क्रिस्टॉफरसन यांचा द हायवेमेन (१९८५) हा मुळात कंट्रीचा, तर द ट्रॅव्हलिंग विल्बरीज (१९८८) हा रॉकचा सुपरग्रुप. मॅग्विन, क्लार्क आणि हिलमन यांनी १९७९ मध्ये काढलेल्या ध्वनिमुद्रिकेत कंट्री फारसे उरले नव्हते. रॉडनी क्रोवेल व व्हिन्स गिल यांनी २००४ मध्ये द नटोरियस चेरी बॉम्ब्स काढला. तो मुळात क्रोवेलच्या जुन्या साथीदारांचा मेळा. फ्रायच्या मृत्यूनंतर २०१७ मध्ये गिल ईगल्समध्ये गेला.

२०१८ मध्ये ‘स्वीटहार्ट’ला पन्नास वर्षे झाली, तेव्हा मॅग्विन व हिलमन यांनी मार्टी स्टुअर्टच्या बँडला साथीला घेऊन अमेरिकेत दौरा केला. द बर्ड्‌स हे नाव त्यांनी लावले नाही. स्टुअर्टच्या हातात क्लॅरेन्स व्हाइटची ती बी-बेंडर बसवलेली गिटार होती.