आधी डोंगर, मग नाव: माओरी मानसशास्त्रज्ञांच्या वाटेमागचा इतिहास

माओरी हे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी. त्यांच्यातला मानसशास्त्रज्ञ रीतीप्रमाणे स्वतःची ओळख करून देतो, तेव्हा पदवीचा उल्लेख लांबच राहतो. आधी डोंगर, मग नदी, पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी, मग कूळ आणि सर्वांत शेवटी नाव. या ओळखीला पेपेहा म्हणतात. या व्यवसायातल्या मंडळींच्या आत्मकथनांत एक वळण पुन्हा पुन्हा भेटतं: बालपण शहरात, मातृभाषा तुटकी, विद्यापीठात परक्या मानसशास्त्राचा अभ्यास, आणि मग कधीतरी पूर्वजांच्या गावी फेरी. ही फेरी ज्याची त्याची खासगी गोष्ट वाटते. पण गाव सुटलं कसं, आणि गावातला बरं करणारा माणूस गेला कुठे, याची उत्तरं कायद्याच्या पुस्तकांत आहेत.

1840 मध्ये ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी सरदार यांच्यात वाइटांगीचा करार झाला. त्याच्या इंग्रजी आणि माओरी मसुद्यांमधल्या तफावतीवर पुष्कळ लिहिलं गेलंय, ते पुन्हा उगाळत नाही. 1865 च्या कायद्याने आलेल्या जमीन-न्यायालयात सामूहिक जमिनीवर जास्तीत जास्त दहा नावं लागायची. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा दहा जणांचा आणि बाकी सगळं कूळ बेदखल. वर मोजणीचा आणि खटल्याचा खर्च भागवायला तीच जमीन विकायची. 1860 मध्ये उत्तर बेटाची सुमारे 80 टक्के जमीन माओरींकडे होती. 1939 पर्यंत 9 टक्के उरली.

खरा गुंता 1907 च्या कायद्याचा आहे. तोहुंगांना आळा घालणारा हा कायदा आज वसाहतवादी दडपशाहीचा ठळक पुरावा म्हणून पुढे केला जातो. मुळात तोहुंगा या शब्दाचा अर्थ जाणकार. होडी बांधणारा, लाकूड कोरणारा, वंशावळ मुखोद्गत असणारा, रोग्यावर उपचार करणारा, हे सगळे आपापल्या विषयातले तोहुंगा. इंग्रजी कायद्याने या शब्दाचा अर्थ भोंदू इतकाच ठेवला. आपल्याकडे भगताचं असंच होतं. त्याला जडीबुटीही कळते आणि मंत्रही येतात. बाहेरच्या माणसाला फक्त मंत्र दिसतात.

पण हा कायदा गोऱ्यांनी लादला असं म्हणून मोकळं होता येत नाही. तो मांडला माओरी वंशाच्याच मंत्र्याने, आणि माओरी खासदारांनी तो उचलून धरला. 1896 च्या शिरगणतीत माओरी लोकसंख्या जेमतेम 42 हजार भरली होती. वंश संपतो की काय, ही भीती खरी होती. तापाने फणफणलेल्या पोराला थंड पाण्यात बुडवणारे उपचारक काही गावांत होते, आणि पाश्चात्त्य वैद्यक शिकून आलेल्या तरुण माओरी डॉक्टरांचा त्यांच्यावर राग होता. तो राग अनाठायी म्हणता येणार नाही.

तरीही कायद्याची प्रस्तावना वाचली की निराळीच चिंता दिसते. लोक कामधंदा सोडतात, एकत्र जमतात आणि त्यांची मनं अस्थिर होतात, अशी ती तक्रार. रोग्याच्या जिवाइतकंच सरकारचं लक्ष जमावावर होतं. डोळ्यांसमोर होता उत्तर बेटावरच्या ऊरेवेरा भागातल्या डोंगरातला एक भविष्यवेत्ता. तो उपचार करी, अनुयायांची वसाहत वसवी आणि गेलेली जमीन परत मिळेल असं सांगे. उपचार आणि जमीन तिथे एकाच तोंडून बोलत होते. 1916 मध्ये त्याच्या वसाहतीवर सशस्त्र पोलीस गेले आणि त्याचा मुलगा मारला गेला. भविष्यवेत्त्याला शिक्षा झाली ती मात्र अटकेला विरोध केल्याबद्दल. 2019 मध्ये संसदेने कायदा करून त्याला माफी दिली.

1907 च्या कायद्याखाली शिक्षा फारच थोड्यांना झाल्या. त्यावरून काही अभ्यासक त्याचा परिणाम नगण्य ठरवतात. मला हे पटत नाही. विद्या चोरून शिकवावी लागली की शिष्य कमी होतात, त्यासाठी तुरुंग भरावे लागत नाहीत. कायदा रद्द झाला 1962 मध्ये, म्हणजे तब्बल 55 वर्षांनी.

तोवर लोकच गावात उरले नव्हते. 1945 मध्ये साधारण चौथा हिस्सा माओरी शहरांत राहत होते, 1986 मध्ये जवळजवळ 80 टक्के. 1975 मध्ये 79 वर्षांच्या एका म्हातारीच्या नेतृत्वाखाली उत्तरेच्या टोकापासून राजधानीपर्यंत जमिनीसाठी मोर्चा निघाला. पुढे ऑकलंडमधल्या एका टेकडीवर जमिनीसाठीच लोक 506 दिवस ठाण मांडून बसले. मानसिक आरोग्याची चर्चा या हवेत आकाराला आली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला एका माओरी मानसोपचारतज्ज्ञाने आरोग्याची कल्पना चार भिंतींच्या घरासारखी मांडली: आत्मा, मन, शरीर, कुटुंब. गंमत म्हणजे त्या चार भिंतींत जमीन नव्हती. हल्लीच्या चित्रांत ती घराखाली पाया म्हणून दाखवतात.

यानंतरच्या घडामोडी झपाट्याच्या. 2017 मध्ये फांगानुई नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा मिळाला. ‘मी नदी, नदी मी’ ही तिथल्या कुळांची म्हण त्यामुळे जगभर पोहोचली. 2018 मध्ये एका माओरी मानसशास्त्रज्ञाने आपल्याच पेशाच्या शिक्षण-व्यवस्थेत 1840 च्या कराराचा भंग होतो, अशी दाद मागितली. 2020 पासून सरकारी अपघात-विमा योजना रोंगोआ म्हणजे पारंपरिक उपचारांचा खर्च देऊ लागली. 2023 च्या औषधविषयक कायद्याने मात्र वनौषधींवर सरकारी नियंत्रण किती, हा वाद पुन्हा पेटला. तो कायदा 2024 मध्ये रद्द झाला.

फेनुआ या शब्दाचा अर्थ जमीन, आणि तोच शब्द बाळाच्या वारेसाठीही. बाळंतपणानंतर वार कुळाच्या जमिनीत पुरायची रीत आहे. ‘माझी नाळ इथे पुरली आहे’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तिथल्या दवाखान्यांत आज वार घरी नेणार का, असं विचारतात. शहरात तिसरी पिढी काढलेल्या आईबापांना मग वडीलधाऱ्यांना फोन करून विचारावं लागतं, आपली जमीन नेमकी कुठे.