मुंबई–दिल्ली: हवेतला वेळ वेगळा, तिकिटावरचा वेगळा

मुंबई ते दिल्ली सरळ हवाई अंतर सुमारे ११४० किलोमीटर. जेट विमान वरच्या उंचीवर ताशी साधारण ८३० किलोमीटरने जातं. भागाकार केला तर १ तास २२ मिनिटं येतात. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपासचा वेळ असतो. जवळजवळ तासाभराची ही तफावत पडते कुठे?

तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम. चाकांना लावलेले चोक काढून विमान स्टँडवरून हललं की तो सुरू होतो आणि दिल्लीत ठरल्या जागी उभं राहिलं की संपतो. चाकं धावपट्टी सोडतात तिथपासून पुन्हा टेकेपर्यंत हवेतला वेळ, या मार्गावर बहुधा पावणेदोन तासांच्या आत-बाहेर. कॅप्टन माइकवरून सांगतो तो सहसा हाच. गंमत म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमांत विमानाच्या ‘फ्लाइट टाइम’ची व्याख्या ब्लॉक टाइमची आहे, त्यामुळे गोंधळ फक्त प्रवाशांचाच होतो असं नाही.

८२ मिनिटांचे पावणेदोन तास होतात ते मुख्यतः दोन्ही टोकांना. १०,००० फुटांखाली वेग साधारणपणे २५० नॉटच्या, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरच्या मर्यादेत ठेवावा लागतो. शिवाय दिल्ली उत्तरेला, पण मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व–पश्चिम. विमान बहुतेक वेळा समुद्राकडे उडतं आणि मग वळतं. दिल्लीच्या धावपट्ट्याही साधारण पूर्व–पश्चिमच, म्हणजे उतरतानाही वळसा आलाच. गर्दी असेल तर आकाशात घिरट्या.

उरलेला अर्धा तास जमिनीवरचा. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही स्वतंत्रपणे चालवता येत नाहीत आणि रांग लागते. विमान कंपन्या हे धरूनच वेळापत्रक आखतात, वर थोडी सैल जागाही ठेवतात. उशिरा सुटलेलं विमान कधीकधी ‘वेळेवर’ पोहोचतं ते या सैल जागेमुळे. वैमानिकाने वेग वाढवून फार थोडी मिनिटं वाचतात. डिसेंबर–जानेवारीतल्या दिल्लीच्या धुक्यापुढे मात्र ही जागाही पुरत नाही.

अंतर तेच असूनही जाता-येता वेळ बदलतो तो वाऱ्यामुळे. मुंबई–कोलकाता सुमारे १६६० किलोमीटर. हिवाळ्यात वरती पश्चिमेकडून ताशी १०० किलोमीटरचा वारा धरला तर जाताना जमिनीच्या हिशेबात वेग ९३०, येताना ७३०. नुसत्या भागाकारातच २९ मिनिटांचा फरक पडतो. दिल्लीला जाताना हाच वारा बराचसा बाजूने लागतो, म्हणून तिथे फरक कमी.

अंतर पाहताना एकक तपासा. मुंबई–दिल्ली ६१५ मैल असं कुठे दिसलं तर ते सागरी मैल: एक म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्याला १.६ ने गुणलंत तर दीडशे किलोमीटर गायब!

परदेशी तिकिटावर वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. समजा, मुंबईहून १०ला सुटून दुबईला ११.४५ला पोहोचायचं आहे; दुबई दीड तास मागे, म्हणजे ब्लॉक टाइम सव्वातीन तास. पुढचं विमान गाठायचं असेल तर हिशेब तिकिटावरच्या पोहोचण्याच्या वेळेपासून करा, आणि त्यात दार उघडून खाली उतरायची दहा-पंधरा मिनिटं मिळवा. ती ब्लॉक टाइममध्येही धरलेली नसतात.