शून्याखालचं पाणी

पाणी शून्य अंशाला गोठतं, हा शाळेतला नियम ढगात टिकत नाही. गोठायला सुरुवात करण्यासाठी थेंबाला धुळीच्या एखाद्या योग्य कणाचा आधार लागतो, आणि असे कण तिथे फार कमी असतात. त्यामुळे उणे १० किंवा उणे १५ अंशांतही ढगातले असंख्य थेंब द्रवच राहतात. आधाराविना ते गोठतात ते थेट उणे ४०च्या आसपास. अशा अतिशीत थेंबांच्या वाटेत विमानाचा पंख आला, की त्यावर आदळताच ते गोठू लागतात.

अगदी बारीक थेंब जागच्या जागी गोठतात, मध्ये हवा अडकते आणि पांढरा, खरखरीत थर बसतो. मोठे थेंब मात्र गोठता गोठता मागे ओघळतात आणि काचेसारखा पारदर्शक, घट्ट बर्फ तयार होतो. हा बर्फ नजरेला चटकन दिसत नाही आणि निघतही नाही.

बर्फाच्या ओझ्याने विमान खाली येतं, असा समज सर्रास आढळतो. वजन वाढतं हे खरं, पण मुख्य घात होतो तो पंखाच्या आकाराचा. वरच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारी हवा विमानाला उचलून धरते. जाडसर पॉलिश पेपरइतका खरखरीत थरसुद्धा ही उचल ३० टक्क्यांपर्यंत घटवू शकतो आणि हवेचा अवरोध ४० टक्क्यांपर्यंत वाढवू शकतो. एरवी सुरक्षित असलेल्या वेगालाही मग हवा पंखापासून सुटते. उड्डाणापूर्वी पंखावर ग्लायकॉलयुक्त द्रव फवारतात, त्यासाठी प्रवासी अर्धा तास खोळंबले तरी चालतील, असं मला ठामपणे वाटतं.

हवेत असताना जेट विमानं इंजिनातली गरम हवा पंखाच्या पुढच्या कडेत खेळवतात. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) विमानांत त्या कडेवर रबरी पट्टे असतात. ते फुगले की बर्फ तडकून उडतो. पण पट्टा संपतो त्याच्या मागे काय? ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एक एटीआर-७२ विमान उतरण्याच्या परवानगीची वाट पाहत घिरट्या घालत होतं. मोठे अतिशीत थेंब पट्ट्यांच्या मागे जाऊन गोठले, तिथे बर्फाचा बांध तयार झाला आणि विमान एकाएकी कलंडलं. विमानातले सर्व ६८ जण गेले. अशा मोठ्या थेंबांचा विचार करणारे नवे प्रमाणन-नियम अमेरिकेत आले २०१४ मध्ये. मधली वीस वर्षं मला फार लांबलेली वाटतात.

बर्फ उपकरणांनाही फसवतो. रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्स ४४७ या विमानाच्या वेग मोजणाऱ्या नळ्या १ जून २००९ रोजी अटलांटिकवरच्या वादळी पट्ट्यात बर्फकणांनी तुंबल्या. काही काळ वेगाचे आकडे विश्वासार्ह उरले नाहीत, ऑटोपायलट सुटला आणि त्या गोंधळात स्टॉलमध्ये, म्हणजे हवा पंखापासून सुटून उचल हरवलेल्या अवस्थेत, गेलेलं विमान सावरलं नाही. २२८ जण मृत्युमुखी पडले.

ज्या ऊर्ध्वप्रवाहांनी ते बर्फकण इतक्या उंचीवर नेले, तेच प्रवाह विमानाला धक्केही देतात. ‘एअर पॉकेट’ हा शब्द मात्र दिशाभूल करतो. तिथे हवा नसते असं नाही, तर ती वेगाने वरखाली होत असते. पंख तुटेल ही भीतीही बहुतांशी अनाठायी आहे, कारण सेवेत अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट भार तो सोसेल, हे सिद्ध करावं लागतं. इजा होते ती बहुधा पट्टा न बांधलेल्या माणसांना.

विमानातलं रडार पावसाचे थेंब छान टिपतं. जेट प्रवाहाच्या, म्हणजे खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याच्या, कडेला निरभ्र आकाशात उसळणारी हवा त्याला दिसत नाही. रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं, की उत्तर अटलांटिकवर १९७९ ते २०२० या काळात अशा तीव्र खळबळीचं प्रमाण ५५ टक्क्यांनी वाढलं. हवामान बदलाशी त्याचा संबंध जोडला जातो.

२१ मे २०२४ रोजी सिंगापूर एअरलाइन्सचं लंडनहून निघालेलं विमान म्यानमारवर तीव्र खळबळीत सापडलं. तिथे मात्र गडगडाटी ढग तयार होत होते. ०.६ सेकंदात प्रवेग अधिक १.३५ जीवरून उणे १.५ जीवर गेला (१ जी म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतका) आणि पट्टा न बांधलेली माणसं छताकडे फेकली गेली. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, कित्येक जखमी झाले. सीटबेल्टचा दिवा लावल्याचं वैमानिकाने म्हटलं, त्यानंतर पहिला मोठा हिसका बसेपर्यंत आठ सेकंद गेले होते.