स्नायूंतल्या मेदचयापचयाची जनुकं
ऐच्छिक स्नायू ग्लुकोज जाळतात तशी चरबीही जाळतात, आणि कधी काय जाळायचं हे बरंचसं खाणं आणि हॉर्मोन्स ठरवतात. फिलिप रँडल आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये फॅटी ॲसिडं जळायला लागली की ग्लुकोजचा वापर मागे पडतो असं मांडलं, पण तो सगळा एन्झाइमांचा हिशोब होता, जनुकं चित्रात आली ती साधारण १९९० नंतर, पीपीएआर हा जनुकं चालू-बंद करणारा रिसेप्टर सापडल्यावर. फॅटी ॲसिडं स्वतःच या रिसेप्टरला चिकटतात आणि आपल्याच ज्वलनाची जनुकं चालू करतात.

उपाशी राहिलं की इन्सुलिन उतरतं, मग एरवी केंद्रकाबाहेर अडवून ठेवलेलं फॉक्सो१ हे जनुकं चालू करणारं प्रथिन आत शिरतं आणि पीडीके४ चं जनुक जोरात चालू होतं. हे एन्झाइम ग्लुकोजपासून बनलेल्या पायरुव्हेटची जळण्याकडे जाणारी वाट बंद करतं, त्यामुळे ग्लुकोज मेंदूसाठी उरतं. भरपूर चरबी आणि कमी कर्बोदकं खाल्ली तरी पीडीके४ वाढतं, म्हणजे पोट रिकामं असायलाच हवं असं नाही. रक्तातली चरबी फोडून ऊतींना देणाऱ्या लायपोप्रोटीन लायपेज या एन्झाइमची गंमत वेगळी: जेवणानंतर इन्सुलिन ते चरबीच्या ऊतीत वाढवतं आणि स्नायूत कमी करतं, उपासात बरोबर उलटं.

खरा वाद यूसीपी३ चा, म्हणजे मायटोकाँड्रियातल्या (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातल्या) ‘अनकपलिंग प्रोटीन ३’ चा; अनकपलिंग म्हणजे ज्वलन आणि ऊर्जेची साठवण यांची जोड तोडणं. १९९७ मध्ये ते सापडलं तेव्हा उष्णता निर्माण करणाऱ्या यूसीपी१ शी साम्य बघून हेही ऊर्जा उष्णतेत उधळत असणार असं धरलं गेलं, थायरॉइडचं टी३ हॉर्मोन त्याचं जनुक वाढवतं हेही त्यात छान बसत होतं. पण उपासात, शरीर काटकसर करत असताना, ते कमी व्हायला हवं तर उलट वाढतं! शिवाय ते नसलेले उंदीर काही लठ्ठ झाले नाहीत. त्यामुळे फॅटी ॲसिडांचा भार सांभाळणं किंवा ऑक्सिजनच्या घातक रेणूंना आवर घालणं हेच त्याचं काम असावं, हे मत जास्त पटतं. नाव मात्र जुनंच चिकटून राहिलंय.

लेप्टिन आणि ॲडिपोनेक्टिन ही चरबीपेशींतून येणारी हॉर्मोन्स एएमपीके हे पेशीतल्या ऊर्जेवर लक्ष ठेवणारं एन्झाइम जागं करतात, फॅटी ॲसिडांची वाट अडवणारं मॅलोनिल-कोए घटतं आणि फॅटी ॲसिडांना मायटोकाँड्रियाचं दार उघडतं. हा परिणाम झटपट होतो, जनुकांची वाट बघत नाही.

माणसांतली माहिती बहुतेक मांडीच्या स्नायूतून सुईने काढलेल्या बारीक तुकड्यावरून येते, त्यात पुष्कळदा एमआरएनएच (जनुकाची प्रथिन बनवण्यासाठी निघालेली नक्कल) मोजलेला असतो आणि तो वाढला म्हणून प्रथिन तेवढंच वाढलं असं धरता येत नाही.